मालकाच्या मते



काम नाकारणाऱ्या गरिबाला हरामखोर म्हणायची ह्या देशात फार जुनी रीत आहे. पाटलाचा पोरगा बी.ए. होऊन चार वर्षं पारावर बसला तर अख्खा गाव म्हणतो, "बिचाऱ्याला त्याच्या लायकीचं काम मिळत नाही." आपल्या वस्तीतलं पोरगं बारावी होऊन चार महिने घरी बसलं की तोच गाव म्हणतो, "ह्यांना कामाचा कंटाळा. फुकट खायची सवय लागली." बेकारी एकच. पण त्याच्याकडे लायकी, आणि आपल्याकडे माज.

म्हणून ह्या पानांवर एकच गोष्ट मांडायची आहे. ले-ऑफची भरपाई म्हणा, बेकारभत्ता म्हणा, रोजगार हमीचा पैसा म्हणा. तो पैसा घेत असताना नको ते काम नाकारायचा हक्क कामगाराला आहे का? आणि काम 'योग्य' आहे की 'नको ते' आहे, हे ठरवायचं कुणी? माझं म्हणणं सरळ आहे. जो भत्ता काम नाकारताच बंद होतो आणि ज्यात कामाची योग्यता काम देणाराच ठरवतो, तो भत्ता नव्हे. ती वेसण आहे. आपल्या नाकाला ही वेसण नवी नाही. तिचं जुनं नाव वतन.

वतन म्हणजे काय होतं? मुंबई इलाख्यात १८७४ च्या कायद्याने त्याच्यावर सरकारी शिक्का बसला. जमिनीचा एक तुकडा, घरोघरचं बलुतं, आणि त्याच्या बदल्यात चोवीस तासांची चाकरी. कामाची यादी नाही, तासांचा हिशेब नाही. सरकारी टपाल पोचवा, साहेब आला की पुढं धावा, मयताचा सांगावा न्या, मेलेलं ढोर ओढा. वतनदार घरी नसला तर घरातलं दुसरं माणूस धरून न्यायचं. हे काम मला योग्य आहे का, हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. नाही म्हटलं की बलुतं बंद. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात ह्या वतनाविरुद्ध बिल आणलं. वतनं रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडलं. मधली तीस वर्षं काम नाकारणाऱ्याच्या पोटावर पाय देऊनच वतन चाललं.

आता महाड आठवा. १९ आणि २० मार्च १९२७. महाड म्हटलं की आपल्याला तळ्याचं पाणी आठवतं. आठवायलाच पाहिजे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या ढोराचं मांस सोडा, शिळे तुकडे सोडा, गावकीची घाण कामं सोडा, असंही बजावलं. पुढं गावोगाव माणसांनी ढोरं ओढायचं बंद केलं. हे काय होतं? एका अख्ख्या समाजाने नको ते काम नाकारलं होतं. तो संपच होता. त्या संपाला फंड नव्हता, युनियनची पावती नव्हती, आणि समोरचा मालक म्हणजे अख्खा गाव. गावाने काय केलं ते आपल्या घराघरांत माहीत आहे. दळण बंद, वाण्याचं दुकान बंद, शेतावरची मजुरी बंद, वाट बंद.

त्याच काळातली एक हकिगत बाबासाहेबांनी १९५६ च्या नागपूरच्या भाषणात सांगितली. 'केसरी'त कुणी तरी हिशेब मांडला होता. ढोरं ओढणं सोडल्यामुळे कातडं, शिंगं, हाडं ह्यांचे पाचशे रुपये ह्या लोकांच्या हातातून गेले, असा तो हिशेब. बाबासाहेबांनी विचारलं की एवढा फायदा आहे, तर तुम्हीच का ओढत नाही? अजून कुणी त्याचं उत्तर दिलेलं नाही.

मी ही हकिगत इतिहास म्हणून सांगत नाही. आजही कुणी आपल्याला "काम नाकारून तुमचंच नुकसान होतंय" असं सांगायला लागला की समजा, तो तोच पाचशे रुपयांचा हिशेब घेऊन आलाय.

पण एक गोष्ट नीट समजून घ्या. आपल्या आज्या-पणज्यांनी काम नाकारलं ते उपाशी राहून नाकारलं. ते शूर होते. पण ज्या कामगाराला नाही म्हणायला शूर व्हावं लागतं, त्याला हक्क आहे असं कसं म्हणायचं? बेकारभत्ता कशासाठी असतो? माणसाला दोन वेळचं पोटात घालून नाही म्हणता यावं, पुढ्यात येईल त्या खड्ड्यात भुकेपोटी उडी घ्यावी लागू नये, म्हणून असतो. म्हणजे नाकारायचा हक्क ही भत्त्यावरची वरकड मेहेरबानी नाही. भत्ता त्याच्यासाठीच आहे. तो हक्क काढला की हातात उरतो तो तुकडा.

आता कायदा काय म्हणतो ते बघू. कायदा म्हटलं की आपली पोरं पान उलटतात. उलटू नका. आपल्याला फसवलं जातं ते बारीक अक्षरातच.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली ले-ऑफचं प्रकरण घातलं गेलं. कामगार पटावर आहे पण मालकाकडे काम नाही, तर मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून जे होतं त्याच्या निम्मी भरपाई द्यायची. बरं झालं. पण पुढं कलम २५-ई. भरपाई कुणाला नाही? दुसरं काम दिलं असता जो ते नाकारतो त्याला नाही. ते काम त्याच कारखान्यात असेल, किंवा त्याच मालकाच्या पाच मैलांच्या आतल्या दुसऱ्या कारखान्यात असेल. पगार नेहमीचा असावा. आणि त्या कामाला खास कसब किंवा आधीचा अनुभव लागत नाही, कामगाराला ते जमण्यासारखं आहे, असं असावं. कुणाच्या मते? मालकाच्या मते. कायद्याचे शब्दच तसे आहेत.

म्हणजे कायद्याने तीन गोष्टी मोजल्या: अंतर, पगार, कसब. चौथी मोजलीच नाही. माणसाचा मान कुठल्या फुटपट्टीने मोजायचा हे कायदा करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं, किंवा त्यांना त्याची गरज कधी पडली नव्हती. आणि मोजायला बसवला कोण? ज्याचा त्यात फायदा तोच. नाकारणारा सापडला की मालकाचे निम्म्या पगाराचे पैसे वाचतात. ज्याचे पैसे वाचतात त्यालाच पंच केलं. शिवाय बदली कामगाराला ह्या भरपाईत जागाच नाही, सलग वर्षभराची नोकरी भरेपर्यंत. आणि बदलीवर वर्षानुवर्षं कोण राहतं ते गेटावर उभं राहून बघा.

तुम्ही म्हणाल, हा जुना कायदा. तो आता गेला. खरं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली. मी ती वाचून काढली. पाच मैलांचे आठ किलोमीटर झाले. 'मालकाच्या मते' जिथल्या तिथं आहे.

ह्या दोन शब्दांत काय मावतं ते सांगतो. जुना कायदा चालू होता तेव्हाची गोष्ट. मी सूतगिरणीत रिंग खात्यात आहे. गिरणीचं नाव लिहीत नाही, कारण अशी एकच गिरणी नाही. सुताला उठाव नव्हता. निम्मी मशिनं बंद ठेवली, आमच्या पाळीतल्या पंधरा जणांना ले-ऑफ दिला. रोज सकाळी गेटावर हजेरी द्यायची नि परत जायचं. चौथ्या दिवशी मुकादम यादी घेऊन आला. सहा जण गोडाऊनला, कोनाच्या पेट्या मोजायला. पाच जण कॅन्टीनला आणि बागेला. चार जण संडास आणि मागचं गटार. ते चौघंही एकाच वस्तीतले. कुठल्या, ते तुम्हाला सांगायला नको. त्यांतल्या दोघांनी दहा-दहा वर्षं रिंग फ्रेम सांभाळलेली. तुटलेला धागा डोळा मिटून जोडतील असले हात.

ते म्हणाले, "आम्हालाही गोडाऊनला पाठवा, जातो. हे नाही करणार."

टाइमकीपर म्हणाला, "पगार तोच, जागा तीच, कसब लागत नाही. कायद्यात बसतंय. नाही म्हणायचं तर म्हणा, भरपाई मिळणार नाही."

आणि खरंच कायद्यात बसत होतं! तो माणूस खोटं बोलत नव्हता, ह्याचीच चीड येते. चौघांची भरपाई कापली गेली. युनियनच्या माणसाने समजूत घातली, "काम ते काम. एवढ्यासाठी कशाला ताणता?" त्या यादीत त्याच्या घरचं कुणी नव्हतं. आणि एक साधा प्रश्न कुणीच विचारला नाही. कसब लागत नव्हतं तर ते काम पंधरांतल्या कुणालाही जमलं असतं. मग यादी करताना मुकादमाला नेमके हेच चौघं कसे सापडले?

गिरणीत हे आज सुरू झालेलं नाही. मुंबईच्या गिरण्यांत साच्यावरचं काम, म्हणजे विणकाम, जास्त पगाराचं. तिथं अस्पृश्यांना जागा नव्हती. का? धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि त्याने बाकीच्यांना विटाळ होई. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. तेव्हा आपल्याला चांगलं काम नाकारणारे कोण होते? मालक तर होतेच, पण शेजारी उभे असलेले कामगार बंधूही होते. त्यांनी नाकारलं ती रूढी ठरली. आपण संडास नाकारला की तो कामचुकारपणा ठरतो.

इथं आपल्यातलाच एखादा शिकलेला दोस्त आडवा येतो. तो म्हणतो, बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिसंहार'च्या निबंधात लिहिलंय की जात ही धंदा बदलू देत नाही, आणि म्हणून जात हे बेकारीचं एक थेट कारण आहे. जातीत नसलेलं काम करण्यापेक्षा हिंदू माणूस उपाशी राहील. मग तुम्ही काम नाकारता तेव्हा तुम्हीही तेच करत नाही का?

दोस्ता, नीट वाच. बाबासाहेब बोलत होते ते जातीने नेमून दिलेल्या कामात अडकून पडण्याविषयी. वरच्या जातीचं पोरगं झाडू नाकारतं ते आपल्या जातीच्या आत राहण्यासाठी. आपलं पोरगं झाडू नाकारतं ते जातीच्या बाहेर पडण्यासाठी. वरून दोन्ही सारखं दिसतं. म्हणून तर 'मालकाच्या मते' ह्या माणसाला ते कधी कळणार नाही. आणि हेही सांगून ठेवतो, ह्यात झाडू मारणाऱ्या आपल्या भावाबहिणीला कमी लेखणं नाही. त्यांच्या घामावर शहरं उभी आहेत. त्यांच्या कामाला पगार, हातमोजे, यंत्र, रजा, पेन्शन सगळं मिळालं पाहिजे. झाडू हलका नाही. तो एकाच हातात पिढ्यान् पिढ्या बांधून ठेवणं हलकट आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींपासून महाराष्ट्रात सफाई कामगाराच्या वारसाला त्याची नोकरी मिळते. घरातला कमावता माणूस गेल्यावर तो आधार आहे, तो काढा असं मी म्हणणार नाही. पण मला सांगा, वारशाने झाडू मिळतो तशी वारशाने तहसीलदाराची खुर्ची कुठं मिळते का?

आता गावाकडं चला. गिरणीबाहेरचे आपले बहुतेक लोक तिथंच आहेत.

रोजगार हमीचा महाराष्ट्राला फार अभिमान. १९७२ च्या दुष्काळात लाखो माणसं खडी फोडायला बसली. १९७७ साली कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. घोषणा काय? 'मागेल त्याला काम.' चांगली घोषणा आहे. पण मागेल ते काम नाही. हमी फक्त अंगमेहनतीच्या बिनकसबी कामाची. काम देता आलं नाही तर बेकारभत्ता दिवसाला कमीत कमी १ रुपया. २००५ साली देशाचा कायदा आला, त्यात पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास पहिले तीस दिवस मजुरीच्या निदान पाव, पुढं निदान निम्मा भत्ता. आणि कलम ९ काय म्हणत होतं? दिलेलं काम स्वीकारलं नाही, किंवा बोलावल्यापासून पंधरा दिवसांत हजर झाला नाही, तर तीन महिने भत्ता बंद. का स्वीकारलं नाही, हे विचारायची तरतूद त्या कलमात नव्हती. चांभाराच्या हाताचं कसब, शिकलेल्या पोरीचं टायपिंग, बाळंतिणीची कंबर, सगळं एका फावड्यात. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने त्या कायद्याच्या जागी दुसरा कायदा मंजूर केला. दिवस शंभराचे सव्वाशे केले म्हणून टाळ्या वाजल्या. मला टाळ्या वाजवायच्या आधी विचारायचंय, नाही म्हणायचे दिवस किती?

विम्यातल्या कामगारासाठी अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना २०१८ साली निघाली. नोकरी गेली तर सरासरी कमाईच्या पाव हिस्सा. कोरोनात, २०२० साली, तो निम्मा केला. नव्वद दिवस, आणि तेही अख्ख्या आयुष्यात एकदा. सुरुवातीला तर अर्ज जायचा होता तो शेवटच्या मालकाच्या हातून! ज्याने काढलं त्याच्याकडूनच दाखला. नव्वद दिवसांच्या आधाराने कामगार कितीदा नाही म्हणणार? मालकालाही नव्वदपर्यंत मोजता येतं.

जगात सगळीकडं असंच आहे का? नाही. इंग्लंडने १९११ साली बेकारीचा विमा काढला तेव्हाच लिहून ठेवलं की संपामुळे रिकामी झालेली जागा कामगाराने नाकारली, किंवा त्याला नेहमी मिळणाऱ्या मजुरीहून कमी मजुरीचं काम त्याच्या भागात नाकारलं, तर तेवढ्यावरून भत्ता अडवता येणार नाही. ज्या राज्यकर्त्यांनी आपल्याला १८७४ चा वतन कायदा दिला त्यांनीच घरच्या कामगाराला हे दिलं. अमेरिकेने १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्यात तीच मर्यादा घातली: संपातली जागा, प्रचलित दराहून बरीच कमी मजुरी, किंवा युनियन सोडायची अट, ह्या कारणांनी काम नाकारणाऱ्याचा भत्ता तोडायचा नाही.

पण थांबा. अमेरिकेचं नाव ऐकून लगेच भाळू नका. आपल्या पँथरने १९७२ साली ज्यांचं नाव घेतलं त्या काळ्या बांधवांना ह्यातलं काय मिळालं? १९३५ च्या त्या बेकारी विम्यातून शेतमजूर आणि घरकामगार वगळले होते. दक्षिणेतले बहुतेक काळे कामगार नेमके तिथंच. म्हणजे नाकारायचा हक्क लिहिला, आणि ज्याला त्याची सर्वात जास्त गरज त्याला दाराबाहेर ठेवलं. एवढ्यावर भागलं नाही. लेकुरवाळ्या गरीब बायांना जी वेगळी मदत मिळे, तिच्यावर लुइझियाना राज्याने १९४३ साली नियम घातला: शेतावर काम असेल तेव्हा काम करू शकणाऱ्या आईला मदत नाही. कापूस वेचायला हात हवे होते ना! मी रोज कापसाचं सूत करतो. त्या कापसाला अशा किती बायांची भूक चिकटलेली असेल, ह्याचा हिशेब कुठल्या गिरणीच्या वहीत नाही.

ह्यातून धडा एकच. नुसता हक्क लिहून भागत नाही. तो कुणाला लागू आणि ठरवणार कोण, ही दोन ठिकाणं पकडली पाहिजेत. जात आणि वंश तिथंच दबा धरून बसतात. १९८८ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १६८ क्रमांकाचा करार केला. काम 'योग्य' आहे का हे बघताना माणसाचं वय, जुन्या धंद्यातली वर्षं, अनुभव, किती दिवस बेकार आहे, घरच्या परिस्थितीवर काय परिणाम होईल, हे सगळं बघा असं त्यात लिहिलं. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही. आणि दिली तरी त्या यादीत जात नाहीच. ती आपल्यालाच लिहावी लागणार.

ती लिहायला आपल्याकडे शाई आहे. बाबासाहेबांनी १९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये हाच घाव दाखवला होता. बेकार माणसापुढं कसलं तरी काम, कसली तरी मजुरी ठेवा आणि त्याच्या बदल्यात युनियन सोड, बोलायचा हक्क सोड म्हणा. तो काय निवडेल? भूक त्याला सगळे मूलभूत हक्क विकायला लावेल. म्हणून मालकाच्या हुकमतीपासून माणसाला वाचवणं हे राज्याचं काम आहे, असं त्यांचं म्हणणं. पुढं १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने घटनेच्या २३ व्या कलमाचा अर्थ लावला: सक्ती फक्त काठीची नसते, भुकेची लाचारी हीसुद्धा सक्तीच. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणं म्हणजे वेठ. कोर्टाचा प्रश्न मजुरीचा होता. मी तोच धागा पुढं ओढतो. भूक ही सक्ती असेल, तर "गटारात उतर नाही तर भत्ता बंद" ही वेठ का नाही?

आणि कायद्याला जात दिसत नाही असंही कुणी सांगू नये. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला साफ करायला लावणं आणि साधनांशिवाय गटारात, टाकीत माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं. अॅट्रॉसिटी कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली. दलित-आदिवासी माणसाला मेलेली जनावरं ओढायला किंवा वाहायला लावणं हा गुन्हा झाला. महाडनंतर ८८ वर्षांनी! म्हणजे जातीची कामं कोणती हे सरकारला ठाऊक आहे, त्यांची नावं कायद्यात लिहिता येतात. मग ती ले-ऑफच्या कलमात का लिहिता येत नाहीत? तिथं का मालकाच्या मतावर सोडलं?

म्हणून आपल्या मागण्या:

एक. 'मालकाच्या मते' हे शब्द खोडा. काम योग्य की अयोग्य हे ठरवायला कामगारांचे प्रतिनिधी असलेलं मंडळ हवं. त्यात अनुसूचित जाती-जमातींचा माणूस हवा, बाई हवी.

दोन. जातीने लादत आलेलं काम, मग ते सफाई असो, मैला असो, ढोर असो, पर्यायी काम म्हणून कुणावरही लादता येणार नाही. ते नाकारायला कारण द्यायची गरज नाही.

तीन. निकाल लागेपर्यंत भत्ता चालू. आधी पोट बंद करायचं आणि मग सुनावणी घ्यायची, हा न्याय नाही.

चार. काम लेखी द्या. कुठलं काम, कुठं, किती तास, काय मजुरी. आणि त्याच दिवशी बाकीच्या कुणाला कुठलं काम दिलं, ती यादी नोटीस बोर्डावर लावा.

पाच. बदलीवाला, कंत्राटी, घरकामवाली, शेतमजूर, ह्यांना बाहेर ठेवून केलेला कुठलाही कायदा आम्हाला मान्य नाही.

ह्या मागण्या दिल्लीत पोचतील तेव्हा पोचतील. आपलं काम आज संध्याकाळपासून सुरू होतं. प्रत्येक वस्तीत, विहारात एक वही ठेवा. दोनशे पानी पुरे. डाव्या पानावर आपल्या माणसाला दिलेलं काम, तारखेसकट. उजव्या पानावर त्याच दिवशी त्याच ठिकाणी दुसऱ्यांना दिलेलं काम. बाकी काही लिहू नका, भाषण नको, शिवी नको. सहा महिन्यांत ती वहीच बोलायला लागेल. मालक म्हणेल, हे माझं मत. आपण म्हणू, ही तुझ्या मताची जात. तोंडी काम सांगितलं तर नम्रपणे म्हणा, "साहेब, कागदावर द्या." तोंडाने सहज दिली जाणारी कित्येक कामं कागदावर उतरताना मुकादमाचा हात थरथरतो.

आणि जो नाही म्हणेल त्याला एकटं सोडू नका. एकटा नाकारणारा मोडतो. त्याच्या घरी चूल कुणाच्या जिवावर पेटते ते बघा, बहुतेक वेळा ती त्याच्या आईच्या धुण्याभांड्यावर पेटलेली असते. त्याचा नकार तीच भरत असते. म्हणून वर्गणी काढा. पाच-दहा रुपये महिना. आपल्या पणज्यांच्या संपाला फंड नव्हता, आपल्या संपाला असू द्या. नोकरीवाले आपले भाऊ शहाणपण शिकवायला येतील, "मिळेल ते कर रे बाबा" म्हणतील. त्यांना मानाने बसवा, चहा द्या आणि वर्गणीची पावती पुढं करा.

काम आम्हाला हवं आहे. कामाला आम्ही कधी भ्यालो नाही. आमच्या मते कुठलं काम आमचं, हे विचारायला आता शिका.

जय भीम!